शिकवणाऱ्याचं नाव

३ सप्टेंबर

दादा,

बाबांनी त्या दिवशी तुझी भिंत का पाडली?

मला सांगता येत नाही. मी तिथेच होते, डबे घेऊन आले होते. बाबा भिंतीपाशी आले, थोडे थांबले, सांध्यातला सिमेंट-वाळूचा माल नखाने उकरून बोटांत चुरगळला आणि पाय लावला. वरचे सगळे थर आडवे. घरमालक बघत होता, त्याची बायको खिडकीतून बघत होती. तू थापी धुतलीस, पुसलीस, बाबांच्या पिशवीत ठेवलीस आणि निघून गेलास. तेव्हापासून बाबा या विषयावर बोलत नाहीत, आणि तू कुठल्याच विषयावर बोलत नाहीस.

हे मी जुनं उकरून काढायला विचारत नाही. मला कामासाठी हवंय. पत्र अशासाठी की फोन तू कापतोस. पत्र परत पाठवायचं तर उठून पोस्टात जावं लागतं, आणि तुझा आळस मला ठाऊक आहे.

आता बातमी ऐक, आणि शेवटपर्यंत वाच. बांधकाम उपकराचे नियम बदलले. आतापर्यंत तो फक्त मोठ्या कंपन्या भरायच्या आणि त्यातून त्यांचीच माणसं शिकायची. तू तिकडे जाऊन मिळवलेलं कारागिराचं कार्डही त्याच पैशातून आलं असणार. नव्या वर्षापासून आपल्यासारख्या छोट्यांनाही मजुरीवर थोडा उपकर भरावा लागणार. हे ऐकल्या ऐकल्या बाबा म्हणाले, "घ्या. आणखी एक कर."

"कर नाही बाबा, उपकर."

"म्हणजे कराचा धाकटा भाऊ," रंगारी काका म्हणाले. "थोरला खिसा कापतो, हा खाली सांडलेली चिल्लर वेचतो."

आपल्या अंगणात बसले होते तिघं. बाबा, रंगारी काका आणि प्लंबर मामा. मी दारात उभी राहून बांधकाम मंडळाचं परिपत्रक वाचून दाखवत होते. तुला हसू येईल, पण त्यातली एक ओळ मी दोनदा वाचली. कारण त्यात पुढे असं लिहिलंय की जो शिकवेल त्याला उपकरातून खर्च परत मिळणार. शिकाऊ माणसाच्या मजुरीतला वाटासुद्धा. मी वाचायला शिकले तेव्हापासून पहिल्यांदाच एखादा सरकारी कागद आपल्या घराकडे बघून लिहिल्यासारखा वाटला.

"शिकवलं की जातात," बाबा म्हणाले. ते कोणाबद्दल बोलत होते हे सगळ्यांना कळलं.

मग मामा म्हणाले, "खरंय. मी ज्यांना नळ जोडायला शिकवलं ते आता मोठ्या कंपनीच्या गाडीतून जातात. मी सायकलवर दिसलो की हॉर्न देतात. मान म्हणून देतात की बाजूला हो म्हणून, कळत नाही."

"म्हणूनच तर मामा," मी म्हटलं. "शिकवणाऱ्याचा तोटा आणि पळवणाऱ्याचा फायदा, हेच चाललंय. आता सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि जो शिकवेल त्याने उचलायचं. मग कोणी गेला तरी तुम्ही रिकामे नाही."

"कॉलेजात गेलीस ती हे बोलायला?" बाबांनी विचारलं.

"हो."

काकांनी टाळी द्यायला हात पुढे केला, मग बाबांचा चेहरा बघून तोच हात डोक्यावरून फिरवला.

अडचण अशी की आपण एकटे फार लहान पडतो. म्हणून तिघांचा गट करायचा: गवंडीकाम, रंग आणि नळ. नोव्हेंबर संपायच्या आत मंडळाने मान्यता दिली पाहिजे. नाही मिळाली तर उपकर जाईल आणि हाती काही येणार नाही. ते एक वेळ सोसू. पण मोठ्या कंपनीने सांगून टाकलंय की नव्या वर्षापासून कुंपणाच्या भिंतींचं काम फक्त मान्यता असलेल्यांनाच देणार. त्या भिंती म्हणजे आपलं अर्धं काम, दादा. बाबा म्हणाले, ते गेलं तर धंदा बंद करतो आणि कोणाच्या तरी हाताखाली रोजावर जातो. बाबा, रोजावर. त्यांना "ए" म्हणून हाक मारणारा मुकादम मला डोळ्यांसमोर आणवत नाही.

तर मंडळाला शिकवण्याचा आराखडा हवाय. पहिल्या महिन्यात काय शिकवाल? मी बाबांना विचारलं. म्हणाले, "बघतील."

"आणि दुसऱ्या महिन्यात?"

"आणखी बघतील."

हे मी कसं लिहू? त्यांच्याकडे बघून शिकलेला माणूस मला एकच माहीत आहे. म्हणून विचारते, तू काय बघितलंस? आणि काय बघायचं राहिलं?

तुझीच,
धाकटी


२१ सप्टेंबर

दादा,

उत्तर नाही आलं, पण पत्रही परत आलं नाही. मी ते शुभ समजते.

आपल्याला शिकाऊ मिळाली. मिळाली म्हणतेय, बाई आहे. कपडे शिवायच्या कारखान्यात होती, तो बंद पडला. जाड चष्मा लावते, म्हणून काकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं आणि तिने ते ठेवून घेतलं. घरी आजारी नवरा आणि दोन मुली. आली तेव्हा बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "इथे वजन उचलावं लागतं."

ती म्हणाली, "कारखान्यात कापडाचे तागे होते, कापूस नव्हता."

बाबांनी तिला वीट दिली. तिने पहिल्या दिवशी दोरीला धरून जे थर लावले ते, दादा, मी जवळून पाहिले, सरळ होते. बाबांनी ते उतरवले आणि पुन्हा लाव म्हणाले. तिने विचारलं, "का?"

बाबांना सवय नाही ना. त्यांनी मागे वळून पाहिलं, की दुसऱ्या कोणाला विचारतेय. मग म्हणाले, "बघ." आणि स्वतः लावून दाखवले.

"बघितले," ती म्हणाली. "तुमचेही तसेच दिसतायत. माझ्यात काय चुकलं?"

प्लंबर मामा पाइप कापत होते, त्यांची करवत थांबली. बाबांनी तिची एक वीट उचलून हातात फिरवली आणि म्हणाले, "विटा कोरड्या लावल्यास. कोरडी वीट मालातलं पाणी पिते." एवढं बोलून ते असे बाजूला गेले जणू कोणीतरी त्यांच्या खिशातून काही काढून घेतलं. मी मात्र धावत जाऊन ते आराखड्यात लिहिलं. पहिला महिना, पहिला धडा: विटेला आधी पाणी पाजावं. माझा आनंद कशात मावेना. आता मी रोज साइटवर जाते. चष्मेवाली "का" म्हणते आणि मी लिहिते. रोज एक तरी वाक्य पडतं. जुन्या नळासारखं आहे, आधी नुसता खरखर आवाज, मग तपकिरी पाणी, पण येतंय.

काकांचा भाचा रंगाला लागलाय आणि मामांनी शेजारच्या वाहनचालकाला नळाला लावलंय. म्हणजे शिकाऊ पुरे झाले. नियमाप्रमाणे गटात एक कार्डवाला प्रशिक्षक लागतो. बाबांकडे कार्ड नाही. अनुभवी कारागिरांसाठी मंडळाची चाचणी असते, ती द्या म्हटलं, तर म्हणाले, "माझी परीक्षा? घेणार कोण?" काका म्हणाले, "खरंच. घेणाऱ्यालाच पाय लावतील." मी तो विषय तिथेच सोडला आणि त्याची वेगळी सोय पाहिली.

तुझं कार्ड अजून चालू आहे ना? सहज विचारते.

आई म्हणते, त्याला सांग, खोकला झाला तर अंगावर काढू नकोस. तुला खोकला झालाय असं तिला स्वप्नात दिसलं.

धाकटी


९ ऑक्टोबर

दादा,

आज जे झालं त्यावर हसावं की रडावं, ठरत नाही. मी दोन्ही करून झाले.

मंडळाच्या तपासनीस बाई आज येणार होत्या, शिकवणं प्रत्यक्ष बघायला. मी तिघांना आठवडाभर बजावलं होतं, बाई येणार आहेत, सगळं नीट पाहिजे. माझी चूक इथेच झाली. "सगळं नीट" म्हणजे काय, हे मी सांगितलं नाही. मला वाटलं, कळतंय.

मी बाईंना घ्यायला नाक्यावर गेले. बोलत बोलत आलो. माझं तोंड तर थांबतच नव्हतं, चष्मेवालीचं सांगत होते, भिजवलेल्या विटांचं सांगत होते. फाटकातून आत शिरलो आणि माझी जीभ टाळूला चिकटली.

साइट लख्ख. भिंत पूर्ण उभी, वरपर्यंत, ओळंब्याची दोरी लावली तरी तसूभर न ढळणारी. पाणी मारलेलं. विटांचे तुकडे उचललेले, वाळू चाळून ढीग केलेला, घमेली धुऊन उपडी मांडलेली. काकांनी फाटकालासुद्धा रंग दिला होता, बाईंच्या बाहीला लागला. मामांनी सगळे नळ बसवून चकचकीत पुसले होते. तिघं धुतलेल्या शर्टात ओळीने उभे. आणि शिकाऊ एकही नाही.

"शिकणारे कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"त्यांना सुट्टी दिली," बाबा म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून."

तुला कळलं असेल, दादा. तू याच घरात वाढलास. साहेब येणार म्हटलं की कच्चे हात घरी पाठवायचे आणि पक्क्या हातांनी काम उरकून ठेवायचं. आपण हेच करत आलो. इंजिनिअर येणार, मालक येणार, बँकेचा माणूस येणार, तेव्हा तुलाही घरी पाठवायचे. आपण दोघं ओट्यावर बसून शेंगा खायचो आणि सुट्टी मिळाली म्हणून खूश व्हायचो. बाबांनी आज जे केलं ते आदरानेच केलं. पहाटे उठून, चष्मेवालीने अर्धी लावलेली भिंत उतरवून, स्वतः लावली.

बाईंनी भिंतीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "सुंदर आहे. पण मी वाकडी भिंत बघायला आले होते."

बाबांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. कोणी शिवी दिली असती तर त्यांना समजली असती.

"वाकडी?"

"कोणीतरी चुकतंय आणि कोणीतरी ते सांगतंय, एवढंच मला बघायचं असतं. इथे तर चुकणाराच नाही."

मी मध्ये पडले, काहीतरी बोलले, बहुतेक खूप बोलले. बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला आणखी एकदा येईन, तेव्हा काही झाकू नका. जाताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि त्या दिवशी तुमच्या प्रशिक्षकांनाही बोलवा." मी हो म्हटलं. बाबांना वाटलं, त्या बाबांबद्दलच बोलतायत.

त्या गेल्या. मग काका म्हणाले, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काम वेळेवर पूर्ण केलं, आणि त्यातच नापास."

मामा इतके हसले की त्यांना बसावं लागलं. बाबा नाही हसले. त्यांनी चष्मेवालीच्या घरी माणूस पाठवला आणि ती आल्यावर स्वतःच लावलेली भिंत कमरेपर्यंत उतरवायला घेतली. ती म्हणाली, "का?" ते म्हणाले, "इथून पुढे तुझी."

धाकटी


१० ऑक्टोबर

दादा,

कालच्या पत्रात एक गोष्ट गाळली. गाळली नाही, लपवली.

प्रशिक्षक म्हणून मी मंडळाला तुझं नाव दिलंय. तुझ्या कार्डाचा फोटो तू आईला पाठवला होतास, त्यावरून नंबर घेतला. "प्रस्तावित" असं लिहिलंय, तुझं संमतीपत्र शेवटच्या तारखेपर्यंत चालतं. मी मनाशी म्हटलं, आधी गट उभा राहू दे, मग दादाला सांगू. मग म्हटलं, सांगायचं कशाला, बोलावूच. मग असं दिसू लागलं की तू फाटकातून आत येतोयस, बाबा थापी पुढे करतायत, आणि मी बाजूला उभी राहून सगळं जुळवून आणल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटतेय. त्या चित्रात मला इतकं बरं वाटत होतं की तुला विचारायचं सुचलंच नाही.

कोरं संमतीपत्र सोबत ठेवलंय. फाडलंस तरी चालेल. पण कळव.


२ नोव्हेंबर

दादा,

आईला तुझा निरोप मिळाला. "धाकटीला सांग, अक्षर मोठं काढ." म्हणजे वाचतोस. मी स्वयंपाकघरात उडी मारली आणि आईचं पातेलं सांडलं. हे पत्र मोठ्या अक्षरात लिहितेय. दोन पानं जास्त लागतील, तूच मागितलीस.

काल बाई पुन्हा आल्या. साइट घाण होती, देवा शपथ, मी मुद्दाम बघून आले होते. भाच्याने रंगाचा ओघळ सोडलेला, एक नळ टपटपत होता आणि मामा वाहनचालकाला सांगत होते, "गिअर नाही तो, हळू फिरव." चष्मेवाली भिंतीवर. जेवणाची सुट्टी संपून काम पुन्हा सुरू झालेलं. तिच्या घमेल्यातला माल घट्ट झाला होता. तिने पाण्याचा डबा उचलला, थोडं ओतलं आणि थापीने कालवायला लागली. बाबा लांबून चालत आले. त्यांचा तो पाय, दादा, मी ओळखते तो. बाई तिथेच उभ्या होत्या.

बाबा थांबले. वाकले. आणि तिचा हात धरला.

"पाणी घालू नकोस."

"का?"

"सकाळचा माल आहे. मेलाय तो."

"पाणी घातलं की मऊ होतो की."

"मऊ होतो. जिवंत होत नाही." बाबा तिच्याशी बोलत होते, पण आवाज कुठून तरी खोलातून येत होता. "एकदा धरायला लागला की त्याला मोडायचं नाही. मोडलास तर पुन्हा धरत नाही. भिंत उभी राहील, सरळ राहील, आणि दहा वर्षांनी कोणीतरी टेकेल तिला."

"पण दिसतो तर ताज्यासारखाच. ओळखायचं कसं?"

"बघून नाही ओळखता येत," बाबा म्हणाले.

आणि तिचा हात सोडून उभे राहिले. स्वतःच बोललेलं स्वतःला ऐकू आल्यासारखे. बाई लिहायच्या थांबल्या. मीही. कारण बाबांनी जन्मभर एकच धडा दिला होता, बघून शिका, आणि आत्ता तेच म्हणत होते की बघून कळत नाही.

मग त्यांनी तिला सांगितलं. माल कधी कालवला ते लक्षात ठेवायचं, लागेल तेवढाच कालवायचा, जेवायला जायच्या आधी घमेलं रिकामं करायचं, उरला तर जीव दुखला तरी फेकायचा. इतकं सगळं, सलग. काकांनी ब्रश डब्यात ठेवून ऐकलं.

बाई खूश झाल्या. म्हणाल्या, मला जे बघायचं होतं ते बघितलं. आणि मग माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाल्या, "आता फक्त प्रशिक्षक. तुमचे चिरंजीव कधी रुजू होणार?"

मी जमिनीत जायला जागा शोधत होते. बाबा एवढंच म्हणाले, "बघू."

घरी आल्यावर हात धुतले, बसले. आईने चहा ठेवला, तो तसाच.

"त्याला विचारलंस?"

"आधी नाही विचारलं. नंतर लिहिलं."

मला वाटलं, आता आवाज चढेल. नाही चढला. म्हणाले, "मीही त्याला काही सांगितलं नव्हतं." मग कप बाजूला सरकवून, "त्याची भिंत सरळ होती."

आई दारातून पुढे आली.

"सरळ होती. माझ्यापेक्षा सरळ. सकाळचा माल जेवणानंतर पाणी मारून वापरला होता. बोटांत घेतला तर वाळू. मला वाटलं, माझाच मुलगा आहे, त्याला एवढं ठाऊक असणारच. ठाऊक असून केलं. राग आला तो त्याचा."

"ठाऊक होतं त्याला?" आईने विचारलं.

"कसं असेल?" बाबा म्हणाले. "मी कधी बोललो?"

दादा, मी हे शब्दाला शब्द लिहिलंय, माझ्याकडून काही घातलं नाही. तुला इतकी वर्षं वाटलं असेल की भिंत वाकडी होती. नव्हती.

आज सकाळी बाबांनी दाढी करताना आरशातून मला विचारलं, "ती चाचणी असते, तिचं काय करावं लागतं?"

धाकटी


२६ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र मंडळाच्या कचेरीतल्या बाकावर बसून लिहितेय. मांडीवर पिशवी, पिशवीवर कागद, अक्षर मोठं आहे पण वाकडं येईल. पलीकडे चष्मेवाली बसलीय, बाबांचा डबा सांभाळत. बाबा आत आहेत. सकाळी हातकाम झालं, भिंतीचा कोपरा लावून दाखवायचा होता. माझ्या शेजारी उभा असलेला परीक्षक दुसऱ्याला म्हणाला, "ओळंबा लावायचा म्हणून लावू, सरळ तर दिसतोच आहे." आता तोंडी चालू आहे. मला भीती त्याचीच होती.

तीन आठवडे घरात जे चाललंय ते तू बघायला हवं होतंस. बाबा दाढी करताना बोलतात, जेवताना बोलतात. पाया आधी का भिजवतात ते परवा त्यांनी आईला समजावून सांगितलं. आई म्हणाली, "उभ्या संसारात इतकं बोलले नाहीत. आता लाभ होतोय तर तो पायाचा." काका संध्याकाळी येऊन परीक्षक होतात, तोंड वाकडं करून विचारतात, "हं, आणि गिलाव्याला तडे का जातात?" बाबा चिडतात, पण सांगतात.

तुझं संमतीपत्र शुक्रवारी आलं. पाकिटात दुसरं काही नव्हतं, मी दोनदा उलटं करून झटकलं. फक्त सही. मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी सहीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अक्षर सुधारलंय त्याचं." मग म्हणाले, "तुझ्याकडे ठेव. काय करायचं ते तू ठरव, नाव घातलंयस तूच."

प्रशिक्षकाचं नाव पक्कं करायची शेवटची तारीख आजची. निकाल लगेच सांगतात. बाबा पास झाले तर त्यांचं नाव प्रशिक्षक म्हणून लावता येईल, कचेरी बंद व्हायच्या आत. नाही झाले तर तुझं नाव आहेच, तुझी सही माझ्या पिशवीत आहे, गट वाचतो, कुंपणाच्या भिंती वाचतात, बाबा रोजावर जात नाहीत. शहाणा माणूस काय करेल हे मला कळतं. निकालाची वाट बघेल.

पण मी त्या कागदाकडे बघत बसले आणि मला दिसलं की त्यावर तुझी सही आहे, तू नाहीस. तू तिथे असशील आणि नाव इथे. आमच्याकडे शिकवणारा कागदावर आणि शिकणारी विटेवर. ज्या पैशातून माणसं खरोखर शिकावीत म्हणून मी अंगणात उभी राहून भाषण ठोकलं, त्याची सुरुवात अशी करायची? आणि दुसरं, ते सांगायला मला लाज वाटते. तुझं नाव तिथे असेपर्यंत मला तू हवास तो एका रिकाम्या जागेसाठी. तू मनाने इतका चांगला की न भांडता सही केलीस. त्या चांगुलपणावर मी घर चालवू नये.

काका आणि मामांना कालच विचारलं, कारण बुडालं तर त्यांचंही बुडणार. मामा म्हणाले, "शेजारच्याने हेल्मेट घातलं म्हणून माझं डोकं वाचत नाही." काका आधी म्हणाले, "वेडी आहेस." मग म्हणाले, "बाप पास होईल. नाही झाला तर त्याला रोज रंग लावीन."

चष्मेवालीला आत्ता विचारलं. तिचं सगळ्यात जास्त जाणार होतं. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "मला शिकवतात ते आत बसलेत. नाव त्यांचं नाही तर माझ्या कार्डावर शिकवणारा म्हणून कोणाचं लागणार?"

मी उठून खिडकीपाशी गेले. आतल्या बाबूने अर्ज काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं जसा मला ताप चढलाय.

"बाई, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. तुमचे वडील आत आहेत ना? निकाल लागू द्या. एकदा काढलं की आज परत घालता येणार नाही."

"माहीत आहे."

"मग घाई कसली?"

मी म्हटलं, "निकाल लागल्यावर काढलं तर तो हिशोब होईल." त्याला काही कळलं नसावं, पण त्याने रेघ ओढली आणि मला सही करायला लावली.

दाराच्या काचेतून बाबांची पाठ दिसतेय. हात हलवून काहीतरी सांगतायत आणि परीक्षक पुढे झुकून ऐकतोय. आतापर्यंत त्यांचं व्हायला हवं होतं. बाकावरचे बाकीचे कुरकुरतायत, एवढा वेळ कशाला लागतो म्हणून.

तू घरी ये, येऊ नकोस, फोन घे, कापून टाक. आता कशालाच तुझी गरज नाही, म्हणून तुला हवं ते कर. संमतीपत्र मी फाडलं नाही, याच पाकिटात परत पाठवतेय. बाबा अजून बाहेर आले नाहीत. तुझं नाव मी काढून आले आहे.

धाकटी